आधी कागद, मग कुलूप

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लातूरच्या सिग्नल कॅम्प भागात खोली बघायला गेलो होतो. सोबत नात्यातली वहिनी आणि तिचा नुकताच दहावी झालेला मुलगा. दोघं मुखेडकडून सकाळच्या एसटीने आलेले. वहिनीच्या पिशवीत भाकरी, पाण्याची बाटली आणि प्लास्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेला मुलाचा गुणांचा मेमो. मेमो कुणी मागितला नव्हता. तरी तिने तीन घरमालकांना तो काढून दाखवला. लेकरू हुशार आहे, तुम्हाला त्रास देणार नाही, हे सांगायची तिची ती रीत.

चौथी खोली पटली. दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर पत्रा टाकून काढलेली, दहा बाय बारा. एक पंखा, एक ट्यूब, कोपऱ्यात मोरी. पत्र्याखाली थर्माकोल लावलेलं, तरी दुपारी बाराला डोक्यावर झळ उतरत होती. मालकाने एका दमात सगळं सांगितलं. भाडं साडेपाच हजार, डिपॉझिट वीस हजार, लाइटचं वेगळं, अकरा महिन्यांनी पाचशे वाढणार, पाहुणे ठेवायचे नाहीत.

“उन्हाळ्यात पाणी राहतंय का, भाऊ?” वहिनीने विचारलं.

“बोअर हाय की. कमी पडत नाही.”

“मग तेवढं एका कागदावर लिहून द्याव. डिपॉझिटचं बी.”

“लिहायचं काय त्यात, ताई? दहा वर्षांपासून लेकरं राहायलेत इथं. विश्वास ठेवावं लागतंय.”

मी करारनाम्याची गोष्ट काढली. मालक म्हणाले, “दुसरी खोली बघाव मग. खाली तिघं थांबलेत.” वहिनीने नोटा मोजून दिल्या. मालकाने त्या दोनदा मोजून घेतल्या, खिशात ठेवल्या आणि किल्ली दिली. पावती दिली नाही.

पैसे दोनदा मोजले यात काही चूक नाही. पैशाचा व्यवहार मोजूनच करावा. पण नोटा मोजताना विश्वास आड येत नाही आणि पावती लिहितानाच तो आड येतो, हे मला मान्य नाही. लातूर-नांदेडमध्ये भाड्याची खोली असो की विकतचा प्लॉट, पैसा पहिल्या दिवशी हातात पडतो आणि कागद शेवटी येतो. पुष्कळदा येतच नाही. हे बदललं पाहिजे. आजचा सगळा लेख एवढ्याच मागणीसाठी आहे.

पुण्या-मुंबईत माणूस नोकरीसाठी भाड्याने राहतो. आपल्याकडे तो निकालासाठी राहतो. बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांनी ‘लातूर पॅटर्न’चं नाव केलं, राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या नावावर लेकरं यायला लागली. मग सीईटी आली, मग नीट. नांदेडही त्याच वाटेने गेलं. आज लातूरला मोतीनगर, सिग्नल कॅम्प, खर्डेकर स्टॉप आणि नांदेडला भाग्यनगर, बाबानगर, श्यामनगर या वस्त्यांत गल्लोगल्ली ‘खोली देणे आहे’च्या पाट्या आहेत. पूर्वी मुलाचं लग्न ठरलं की वरचा मजला चढायचा. आता तो नीटच्या लेकरांसाठी चढतो.

लेकरू एकटं येत नाही. बाप शेत बघतो, आई लेकरासोबत ‘खोली करते’. खोली करणं हे आपल्याकडचं क्रियापद आहे आणि त्यात एका घराच्या दोन चुली होतात. दोन वर्षं नवरा-बायको सणावाराला भेटतात. म्हातारी माणसं गावी पडतात. हा खर्च कुठल्याही क्लासच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो.

आता वीस हजारांचं डिपॉझिट सोयाबीनमध्ये मोजू. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात तेवढाही हातात पडला नाही. म्हणजे चार क्विंटलच्या वर सोयाबीन त्या दुपारी वहिनीने एका अनोळखी माणसाच्या हातावर ठेवलं. बाजार समितीत चार क्विंटल घातलं तर काटापट्टी मिळते. इथे काहीच मिळालं नाही.

आणि कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याआधी मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे कायदा चालत होता. नव्या कायद्याचं कलम ५५ स्वच्छ आहे. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी हवा आणि नोंदणी झालेला हवा. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. ती केली नाही, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच कायद्यात भाड्याच्या प्रत्येक रकमेची लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे आणि पाणी-वीज तोडून भाडेकरूला हैराण करायला बंदी आहे.

‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. त्याचं मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. महाराष्ट्रात ही पळवाट कलम ५५ ने बुजवली, त्याला पंचवीस वर्षं झाली. तरी अजून बाँड आणायचा, टाइप करायचा, नोटरीचा लाल शिक्का मारायचा आणि ‘अ‍ॅग्रीमेंट झालं’ म्हणायचं, हे चालूच आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या बाँडची जागा पाचशेच्या बाँडने घेतली. बाँड महाग झाला, समज तोच राहिला.

मालक कागद का टाळतात, हेही नीट समजून घेतलं पाहिजे. सगळेच कर चुकवण्यासाठी टाळतात असं नाही. मराठवाड्यात ‘कूळ लागलं’ या दोन शब्दांची भीती तीन पिढ्यांच्या हाडात आहे. जमीन कसायला दिली आणि ती कुळाच्या नावावर गेली, अशी गोष्ट प्रत्येक गावात ऐकू येते. तीच भीती आता खोलीला चिकटली आहे. लिहून दिलं तर भाडेकरू बसेल, निघणार नाही, असं मालकाला वाटतं. खरं उलटं आहे. नोंदणी झालेला लिव्ह अँड लायसन्स करार मालकाचीच ढाल आहे. मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर त्या कागदावर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट दाद मागता येते आणि करारात लिहिलेलं तिथे पुरावा म्हणून उभं राहतं. तोंडी भाड्यात मालकाच्या हातात काहीच नसतं. कूळ लागायची भीती ज्याला आहे, त्याने तर सगळ्यांत आधी दुय्यम निबंधकाकडे जावं.

आणखी एक गोष्ट मी उघड बोलणार आहे. ज्यांची लेकरं पुण्यात आहेत, त्यांनी ती विशेष ऐकावी.

माझ्या ओळखीचं एक कुटुंब आहे. वडिलांच्या लातुरात सहा खोल्या, सहाही भाड्याने. मुलगा पुण्यात वाघोलीला भाड्याने राहायचा. त्याचा करार ऑनलाइन झाला. माणूस मशीन घेऊन घरी आला, दोघांचे अंगठे आणि फोटो घेतले, दोन-चार दिवसांत नोंदणी झालेली प्रत मोबाइलवर आली. त्यात डिपॉझिटचा आकडा, परत द्यायची अट, एक महिन्याची नोटीस, सगळं लिहिलेलं. गेल्या वर्षी घर सोडताना मालकाने डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायला घेतले, तेव्हा मुलाने करारातलं कलम दाखवलं आणि पूर्ण रक्कम परत घेतली. वडिलांनी हे मला अभिमानाने सांगितलं. मी विचारलं, “तुमच्या सहा खोल्यांचे करार?” ते गप्प झाले. मग म्हणाले, “इथं तशी पद्धत नाही.”

पद्धत कोण पाडतं? आपणच. मुलगा भाडेकरू असताना जो कायदा आपल्याला हवा असतो, तोच मालक झाल्यावर नको होतो. एका घरात दोन कायदे चालणार नाहीत. उदगीरहून आलेल्या लेकराची आईसुद्धा कुणाची तरी सून आहे, तिचं डिपॉझिटही घामाचं आहे.

डिपॉझिट कसं बुडतं, तेही मी पाहिलं आहे. मे महिन्यात नीट होते, खोली रिकामी होते. मालक म्हणतात, नवीन भाडेकरू आला की देतो. आई गावी जाते. पंधरा दिवसांनी फोन करते. रंगाचे दोन हजार, तोटीचे तीनशे, महिनाभर आधी सांगितलं नाही म्हणून एक भाडं कापलं जातं. उरलेले न्यायला या म्हणतात. येण्या-जाण्यात एसटीचं भाडं आणि एक रोज मोडतो. दोन चकरा झाल्या की ती नाद सोडते. तिने सोडलेले ते पैसे कुणाच्या तरी घरी राहतात. याला बोलीत एकच शब्द आहे आणि तो ‘हिशेब’ नाही.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं ठेवलं आहे. राज्यांनी स्वीकारला तरच तो लागू होतो. राज्य तो कधी स्वीकारेल याची वाट बघत न बसता दोन महिन्यांची मर्यादा लातूर-नांदेडच्या घरमालकांनी आपणहून पाळावी. साडेपाच हजारांच्या खोलीला अकरा हजार डिपॉझिट पुष्कळ झालं.

पाण्याचं लिहून घ्या, असं मी का म्हणतो? हे लातूर आहे. २०१६ च्या मार्चमध्ये इथे पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे आली. ज्या शहराने रेल्वेचं पाणी प्यायलं, त्या शहरात ‘बोअर आहे’ एवढ्यावर भाडं ठरू नये. बोअर मार्चमध्ये आटला तर टँकर कोण आणणार, पैसे कोण देणार, हे करारात लिहा. विजेचंही तसंच. सबमीटर असेल तर पहिल्या दिवशीचं रीडिंग आणि युनिटचा दर लिहा. दहा खोल्यांना मिळून एक बिल, त्याची वाटणी मालकाच्या तोंडी, यातून दर महिन्याला भांडण होतं आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीही होतं.

त्याहून मोठं दुखणं गच्चीवर आहे. दोन मजल्यांच्या हिशेबाने उभे केलेले कॉलम, त्यावर तिसरा मजला, त्यावर पत्र्याच्या खोल्या, त्यावर टाक्या. हा जिल्हा किल्लारीच्या भूकंपाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सरकारी मोजणीने जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यांना दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि जड माळवदांनी चिरडलं. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. त्या जिल्ह्यात मजला चढवताना इंजिनिअरची सही घेतली नाही, तर तो गुन्हा मानला पाहिजे. खोली बघायला जाणाऱ्या आई-बापांनी पंख्याबरोबर जिनाही बघावा. वीस लेकरं एका अरुंद जिन्यावर असतील तर ती खोली घेऊ नका, भाडं कितीही कमी असो.

आडनावाचं बोलल्याशिवाय खोलीचं बोलणं पुरं होत नाही. “आडनाव काय?” हा प्रश्न आपल्याकडे नाव विचारायच्या आधी येतो. उत्तर ऐकून खोली ‘कालच गेलेली’ असते. पाटी मात्र संध्याकाळपर्यंत तशीच लटकलेली दिसते. मुसलमानाच्या, बौद्धाच्या, मातंगाच्या लेकराला दहा दारं जास्त फिरावी लागतात. शेवटी ते लांबच्या, जास्त भाड्याच्या खोलीत जातं आणि रोज क्लाससाठी अर्धा तास जास्त चालतं. नीटच्या पेपरात सगळ्यांना सारखेच १८० प्रश्न असतात. खोलीच्या दारात एक प्रश्न काहींनाच विचारला जातो. घरात देव्हारा असो की भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, भाडं वेळेवर येतं की नाही एवढंच मालकाने बघावं. बाकीचं विचारणं माणुसकीला धरून नाही.

आता विकत घेण्याकडे येऊ. खोलीत वीस हजार अडकतात, प्लॉटमध्ये आयुष्य अडकतं.

नांदेडला एका निवृत्त एसटी चालकाने मला त्यांच्या प्लॉटचा कागद दाखवला. पाचशेचा बाँड, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदारांच्या सह्या. क्षेत्र एक गुंठा. चतुःसीमेत पूर्वेस ‘तीस फुटी रस्ता’ लिहिलेला. आम्ही जागेवर गेलो. पूर्वेस कपाशी होती. रस्ता, नाली, खांब काहीच नव्हतं. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे त्या कपाशीच्या कडेला पुरलेले होते. काका बांधावर उभे राहून एवढंच म्हणाले, “कागद हाय की, साहेब.”

कागद होता, पण तो मालकीचा नव्हता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपयांच्या आणि त्यावरच्या किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्तानेच विकली जाते. मुखत्यारपत्रावर आणि साठेखतावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निःसंदिग्ध सांगितलं. बाँडवर घेतलेला प्लॉट उद्या मूळ शेतकऱ्याचा मुलगा दुसऱ्याला रजिस्ट्रीने विकू शकतो. तेव्हा बाँडवाल्याच्या हाती भांडणाशिवाय काही उरत नाही.

लोक बाँडवर का घेतात? कारण गुंठ्याची रजिस्ट्री होत नव्हती. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतीचे तुकडे पडू नयेत म्हणून आला, पण शहरं शेतात शिरली. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत २०२० अखेरपर्यंतच्या गुंठेवारीपर्यंत वाढवली. २०२१ च्या जुलैमध्येच नोंदणी विभागाच्या परिपत्रकाने तुकड्यांच्या रजिस्ट्रीला कुलूप लावलं, २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. २०२५ मध्ये सरकारने शहरी भागासाठी तुकडेबंदी सैल करायला घेतली. चांगलं झालं. पण एक ध्यानात ठेवा. रजिस्ट्रीने मालकी येते, रस्ता येत नाही. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेल्या लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. सिडकोने नवीन नांदेड वसवलं ते आधी आखून. आणि आज दोन्ही शहरांच्या कडेला असे प्लॉट विकले जात आहेत, जिथे अंत्ययात्रा न्यायलाही वाट नाही.

प्लॉट घेणाऱ्याने काही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघाव्यात. सात-बारा वाचा आणि त्यातला भोगवट्याचा रकाना दोनदा वाचा. मराठवाड्यात निजामाच्या काळापासूनच्या इनामी जमिनी आहेत. ‘मदतमाश’, ‘खिदमतमाश’ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ हे शब्द दिसले की इसार देऊ नका, आधी वकील गाठा. जुने फेरफार काढा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन पाहता येते, तिच्यावरून जागा आधी कुणाला विकली का ते बघा. नांदेडला असाल तर गोदावरीची आणि आसनेची पूररेषा नकाशावर पाहा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नसते, तरी तिथले प्लॉट विकणारे विकतात. २०२५ च्या पावसाळ्यात गोदावरीचं पाणी नांदेडच्या सखल वस्त्यांत शिरलं. नदी बाँड वाचत नाही.

लेआउटमधला प्लॉट किंवा फ्लॅट घेत असाल तर महारेराचा क्रमांक विचारा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर आठपेक्षा जास्त घरं किंवा प्लॉट असतील तर प्रकल्पाला नोंदणी सक्तीची आहे. एक एकर म्हणजे चार हजार चौरस मीटरच्या वर. म्हणजे एका एकराचं प्लॉटिंगही त्यात येतं. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. भाव कार्पेट एरियावर सांगायचा असतो. बांधकामात दोष निघाला तर पाच वर्षं बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. हे सगळं २०१७ पासून लागू आहे. तरी नंबर विचारला की “सरजी, आपल्याकडं ते लागत नाही” असं सांगणारे भेटतात. त्यांना नमस्कार करून परत या.

घर घेताना बाईचं नाव लावा. महाराष्ट्रात २०२१ पासून फक्त स्त्रीच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. सवलत आपल्या जागी, खरं कारण त्याहून मोठं आहे. लेकरासाठी दोन वर्षं पत्र्याखाली राहणारी बाई, खोलीचं भाडं काटकसरीतून काढणारी बाई, तिचं नाव खोलीच्या करारात नसतं, शेताच्या सात-बारावर नसतं आणि प्लॉटवरही नसतं. घर तिच्यावर उभं असतं आणि कागदावर ती कुठेच नसते. हे आपण बदलू शकतो. त्याला आंदोलन लागत नाही, दस्त लिहिताना एक नाव सांगावं लागतं.

महापालिकांनीही आपलं काम करावं. नांदेडची महापालिका १९९७ ची, लातूरची २०११ ची. भाड्याने दिलेल्या खोल्यांची वॉर्डवार यादी करणं त्यांना अवघड नाही, मालमत्ता कराच्या पाहणीत माणूस घरोघरी जातोच. जिना, पाणी, संडास आणि मजल्याची परवानगी बघून दारावर एक पाटी लावा. गावाहून आलेल्या आईला ती वाचता येईल. मे-जूनचे दोन महिने क्लासेसच्या भागात भाडेकरार नोंदणीचं टेबल मांडा. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या म्हणून मालकाला सांगितलं जातं. मग त्याच भाडेकरूच्या हातात कराराची प्रत पडली का, हेही कुणीतरी विचारायला हवं.

शेवटी खर्चाचा हिशेब सांगतो, कारण ‘नोंदणीला फार पैसे लागतात’ हे मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकलं. साडेपाच हजारांप्रमाणे अकरा महिन्यांचं भाडं साठ हजार पाचशे. वीस हजार डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज अठराशेच्या आसपास. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे दोनशे रुपयांच्या आत-बाहेर. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार. करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. मालक आणि भाडेकरू यांनी निम्मं-निम्मं वाटून घेतलं, तर मुद्रांक आणि नोंदणी शुल्काचा खर्च प्रत्येकी सहाशेच्या आसपास येतो.

जूनमध्ये जी आई खोली करायला येईल, तिने किल्ली हातात घेण्याआधी कागद मागावा. नाही म्हणाले तर पुढच्या दारी जावं. आणि घरमालकांनो, तिने मागायची वेळ आणू नका. आधी कागद द्या, मग कुलूप उघडा.